चिपळूण: फ्लॅट घ्यावा की भाड्यानेच राहावं?

शिवनदी

नमस्कार. बरेच दिवस घरात हाच विषय चालू आहे. इथे अनुभवी माणसं आहेत म्हणून विचारते.

आम्ही चिपळुणात भाड्याने राहतो. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत, मी इथल्या खासगी शाळेत शिकवते, मुलगी तिसरीत. टू बीएचके, दुसरा मजला, भाडं दहा हजार. मालक भले आहेत, पण त्यांचा मुलगा लग्नानंतर इथे राहायला येणार म्हणून पुढचा करार होणार नाही. मे महिन्यात घर सोडायचंच आहे. चार-पाच वर्षांनी पुन्हा हेच होणार असेल तर आत्ताच घेऊन टाकावं का, असं वाटायला लागलंय.

बाजारपेठेच्या बाजूला एक जुना फ्लॅट आहे, पहिला मजला, २६ लाख. शाळा, दवाखाना, स्टँड सगळं चालत. पण २०२१ ला त्या इमारतीचा तळमजला पूर्ण पाण्यात होता आणि पाणी जिन्याने वर आलं होतं. दुसरा फ्लॅट कापसाळच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. नवीन काम, पुढच्या वर्षी ताबा, ३८ लाख. आणि सासूबाईंचं म्हणणं असं की गावाला गुहागर तालुक्यात आपली एवढी जागा असताना कर्ज काढायचंच कशाला, तिथे बांधा. तिथून लोट्याची रोजची ये-जा होणार नाही हे त्यांनाही कळतं, पण आपलं घर म्हणजे गावचं, हे त्यांच्या मनातून जात नाही. गणपती तिथेच येतो, देवघर तिथेच आहे.

दोघांचे मिळून हातात ६२ हजार येतात. साठवलेले नऊ लाख आहेत, सोनं मोडायचं नाही. काय करावं?

कातळ

आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढची चर्चा कशावर करायची ते कळेल.

३८ लाखांच्या घरासाठी ८ लाख हातचे घातले तर ३० लाख कर्ज. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं धरली तर हप्ता साधारण २६ हजार. वीस वर्षांत बँकेला एकूण साडेबासष्ट लाख जातात. पहिल्या हप्त्यातले सव्वाएकवीस हजार नुसतं व्याज असतं, मुद्दल पाच हजारसुद्धा फिटत नाही. म्हणजे 'भाडं भरून पैसे वाया जातात' असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं की सुरुवातीची तीन वर्षं तरी तुम्ही दहा हजार भाड्याच्या ऐवजी वीस-एकवीस हजार व्याज भरणार आहात. तेही परत येत नाही.

शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचे दोन-अडीच लाख. बांधकाम चालू असलेलं घर आहे, तर त्यावर जीएसटी. ४५ लाखांच्या आत किंमत आणि आपल्याकडे ९० चौरस मीटरच्या आत कार्पेट असेल तर १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलंत तर जीएसटी नाही. घर फक्त तुमच्या, म्हणजे बाईच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, ती सोडू नका.

म्हणजे नऊ लाखांतले ८ लाख घरात आणि उरलेल्यातून हा खर्चही भागत नाही. फर्निचर, ग्रील, मोटार हे वेगळंच. ६२ हजारांत २६ हजार हप्ता म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. लोट्याच्या कंपन्यांत शिफ्ट बंद झाली, कॉन्ट्रॅक्ट बदललं की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघत असाल. हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक नसताना हप्ता सुरू करू नका, एवढंच माझं ठाम मत.

करसवलतीचं कोणी सांगेल. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, तशी एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याचीही नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनाच २ लाखांपर्यंतच्या व्याजाचा फायदा. त्यावर निर्णय घेण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

जुना_बाजारपेठकर

शिवनदी, बाजारपेठेतला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

२२ जुलै २०२१ ला आम्ही चिंचनाक्याच्या बाजूला होतो. पहाटेपासून पाणी चढायला लागलं ते थांबेचना. २००५ चा पूर बघितलेली माणसं 'तेवढं येईल' म्हणून सामान तेवढ्या उंचीवर ठेवून बसली होती, आणि पाणी त्याच्याही वर गेलं. वर सह्याद्रीत पाऊस, कोयनेच्या वीजगृहांतलं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठी नदीलाच येतं, आणि खाली भरती. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, ते शहरात फुगतं. ज्याला हे गणित माहीत नाही त्याला वाटतं पाऊस थांबला की पाणी उतरेल.

पहिल्या मजल्यावर घरात पाणी आलं नाही असं धरा. तरी मीटर बोर्ड खाली, पाण्याची मोटार खाली, गाडी खाली, टाकीत चिखल. कितीतरी दिवस लाइट नाही, प्यायचं पाणी नाही. चिखलाचा तो वास भिंतीला महिनोनमहिने राहतो. आमच्या आईला त्यानंतर रात्री जोराचा पाऊस लागला की झोप येत नाही, अजूनही. मुलगी लहान आहे तुमची, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

त्यानंतर लोकांनी उपोषणं केली, वाशिष्ठी आणि शिवनदी या नद्यांतला गाळ काढला गेला, त्याचा उपयोग झालाच आहे. पण तेवढ्यावर वीस वर्षांचं कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही.

तिकडेच घ्यायचं झालं तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नगरपरिषदेत नकाशावर बघा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. आणि ते घर नंतर विकायला काढाल तेव्हा घेणाराही हेच विचारणार आहे.

मालवणी_मुलूख

भाड्याच्या घराचा आमच्याकडे काय झालाहा ता सांगतंय. मालवणात, तारकर्ली-देवबागात चार खोल्यो असलेलो माणूस आता वर्षाचो भाडेकरू ठेवक बघणा नाय. पर्यटकांक दिवसाच्या हिशोबान खोली दिली की जास्त पैसे गावतत. शाळामास्तर, बँकेतले, हॉस्पिटलातल्यो नर्सी, हेंका घर गावणा कठीण. मे महिनो इलो की खाली करा म्हणान सांगणारे मालकय आसत. चिपळुणात अजून तशी पाळी इली नसात तर भाड्याचा घर चांगलाच हा. पण करार नोंदणी करून करा, तोंडी रवा नको.

रातांबा

मी थोडी वेगळ्या बाजूने लिहिते. कातळ यांचे आकडे बरोबर आहेत, पण घर ही नुसती व्याजाची गोष्ट नाही.

आम्ही लग्नानंतर दापोलीत भाड्याने होतो. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढायचं ते एक वेळ ठीक, पण 'खिळा मारू नका', 'पाहुणे जास्त दिवस ठेवू नका', 'मासळी तळताना खिडक्या लावून घ्या' हे ऐकत राहायचं. कोकणात राहून मासळीवरून बोलणी! मुलांनी अंगणात एक झाड लावावं म्हटलं तरी मालकाला विचारायचं. आम्ही घेतलं तेव्हा हप्त्याने ओढाताण झाली, पहिली चार वर्षं नवीन काहीच घेतलं नाही, पण मुलांची शाळा बदलली नाही, शेजार बदलला नाही. सासरे आजारी पडले तेव्हा त्यांना गावाहून आणून वर्षभर ठेवता आलं. भाड्याच्या घरात मालकाने ते चालवून घेतलं असतं की नाही, माहीत नाही.

शिवाय फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. बोनस, शेतीचे आलेले पैसे जमतील तसे भरत जायचे. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरलात तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं. सगळीच माणसं वीस वर्षं घासत नाहीत.

शिवनदी, तुम्ही दोघं इथेच राहणार हे नक्की असेल तर घ्या. फक्त पुरातलं घेऊ नका.

कातळ

रातांबा, तुमचं पटतं. 'इथेच राहणार हे नक्की असेल तर' हेच कळीचं आहे. सात-आठ वर्षांच्या आत विकायची वेळ आली तर मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि भरलेलं व्याज धरून भाडंच स्वस्त पडलेलं असतं. आपल्याकडे फ्लॅट विकायलाही वेळ लागतो. मुंबईसारखा महिन्यात गिऱ्हाईक मिळत नाही.

चिरेबंदी

मी बांधकामातला आहे, चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात काम करतो. कापसाळच्या फ्लॅटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'उंचावर आहे म्हणजे सुरक्षित' हे अर्धंच खरं आहे.

त्याच २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये आणि आपल्या खेड तालुक्यात पोसरे इथे दरडी कोसळून घरंच्या घरं गेली. परशुराम घाटात दरड किती वेळा येते ते तुम्ही बघताच. डोंगर कापून सपाट केलेल्या प्लॉटवर इमारत असेल तर मागच्या कापलेल्या बाजूला काय केलंय ते आधी बघा. संरक्षक भिंत आहे का, तिला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, वरून येणारं पावसाचं पाणी गटारातून वळवलंय का की इमारतीच्या पायाकडेच येतंय. भोकं नसलेली भिंत मागे पाणी साठलं की ढकलली जाते. वरच्या अंगाला कोणी आणखी डोंगर कापत असेल तर तेही बघून या. भरावावर काही उभं असेल तर त्याहून जास्त काळजी.

दुसरं, पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि नैऋत्येकडून झड येते. त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून दोन कोट प्लास्टर आहे का, खिडक्यांवर पुरेसे छज्जे आहेत का. गच्चीवर पत्र्याची शेड नसेल तर तो खर्च पुढे तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावर येणार, आपल्याकडे शेडशिवाय स्लॅब टिकवणं अवघड. वाळू कुठली वापरली हे विचारा. खाडीची वाळू नीट न धुता घातली तर त्यातलं मीठ सळ्यांना खातं, आणि दहा-बारा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. बाजारपेठेतल्या जुन्या फ्लॅटमध्ये हेच बघायला बाथरूमखालच्या आणि बाल्कनीच्या छताकडे बघा, तिथे पहिल्यांदा दिसतं.

पाणी मे महिन्यात विचारा. पावसाळ्यात कोकणात सगळीकडे पाणी असतं, त्याला काही अर्थ नाही. विहीर आहे की बोअर, एप्रिलनंतर टँकर लागतो का, हे आसपासच्या जुन्या घरांतल्या बायकांना विचारा. त्या खरं सांगतात.

कागद. प्रकल्प महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदलेला आहे का? ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच इमारती नेमक्या आठ फ्लॅटच्याच असतात. नोंदणी नसली म्हणजे फसवणूकच असं नाही, पण मग सगळं तुम्हालाच तपासावं लागतं. जमीन अकृषिक झालेली आहे का, नकाशा नगररचनेकडून मंजूर आहे का की नुसती ग्रामपंचायतीची परवानगी दाखवतायत, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळणार की नाही. ते नसेल तर पुढे विकताना घेणाऱ्याच्या बँकेपाशी अडतं.

जमलं तर जुलैत एकदा भर पावसात जाऊन बघा. मे महिन्यात सगळीच घरं सुंदर असतात.

शिवनदी

चिरेबंदी, खूप आभार. आम्ही काल जाऊन आलो. मागे डोंगर कापलेला आहे, भिंत अर्धी झालीय, भोकं आहेत. बारा फ्लॅट आहेत आणि महारेराचा नंबर दिलाय. पाण्याचं विचारलं तर शेजारच्या काकूंनी सांगितलं की मे महिन्यात एक दिवसाआड येतं.

जुना_बाजारपेठकर, तुमच्या आईबद्दल वाचून गलबललं. मी तो पूर बघितला नाही, आम्ही नंतर आलो. बाजारपेठेचा फ्लॅट आम्ही यादीतून काढलाय.

आता गावच्या जागेचं. सातबारा सामायिक आहे. नवऱ्याच्या आजोबांच्या नावानंतर वारस लागले ते सतरा-अठरा नावं आहेत, अर्धी मुंबईला. सासूबाई म्हणतात, 'सगळे आपलेच आहेत, कोण काय म्हणणार?' तिथे बांधायला कर्ज मिळेल का?

सड्यावरचा

सामायिक सातबाऱ्यावर बँक कर्ज देत नाही, स्पष्टच सांगतो. कोणता तुकडा तुमचा हे कागदावर कुठेच नाही, तर ती तारण कशावर घेणार? वहिवाट तुमची असेल, चार पिढ्या कलमं तुम्हीच राखली असतील, तरी कागदावर सगळे सगळ्याचे मालक असतात.

यासाठी आधी वाटप. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मग मोजणी, पोटहिस्सा, फेरफार. एक जरी सही अडली तर दिवाणी दावा, आणि त्याला किती वर्षं लागतात ते कोकणात सांगायला नको. आत्यांना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. 'ती कशाला येतेय मागायला' म्हणून नाव वगळून केलेली वाटणी पुढे उभी राहत नाही. ज्यांना हिस्सा नको त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. पण हे मागताना प्रेमाने मागा, तो त्यांचा हक्क आहे. जमिनीवर कुळाचा, म्हणजे ती कसणाऱ्याच्या हक्काचा, शेरा असेल तर तेही वकिलाला दाखवा. घरपट्टीची पावती किंवा घराचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकी नव्हे, हेही सासूबाईंना समजावून सांगा. गावोगाव हाच गैरसमज आहे.

माझं मनापासून सांगणं. गावच्या घराला आणि राहायच्या घराला एकमेकांशी भांडायला लावू नका. गणपतीला सगळे चाकरमानी जमतात, त्याच वेळी वाटपाचा विषय काढा, मोजणीचा अर्ज तरी करून ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर हद्दी कुठून कुठे आहेत हे सांगणारं कोणीतरी आहे. ती गेली की पुढच्या पिढीला आपली बांधकड कुठली तेसुद्धा कळत नाही. हे काम चिपळुणात फ्लॅट घेतलात तरी करायचंच आहे.

रातांबा

सड्यावरचा, हे वाचून आजच भावाला फोन केला. आमचाही सातबारा असाच आहे.

कातळ

शिवनदी, एक मधला मार्ग सुचवतो. भाड्याचा करार अकराच महिन्यांचा असावा असा नियम नाही. लिव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, आणि महाराष्ट्रात तो अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतोच. तो नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये, शहरी भागात १,०००. तीन वर्षांचा करार करा, भाडेवाढ किती ते आधीच लिहून घ्या, आणि मालकालाही मध्येच काढता येणार नाही असा लॉक-इन घाला. दर मे महिन्याची धाकधूक जाते.

तीन वर्षांत हप्ता आणि भाडं यातला सोळा हजारांचा फरक दर महिन्याला खरोखर बाजूला टाका. पावणेसहा लाख होतात, वर व्याज. ते जमलं तर हप्ता झेपेल हेही सिद्ध होतं, नाही जमलं तर वेळीच कळतं.

रातांबा

पण तीन वर्षांत किंमत वाढली तर?

कातळ

वाढू शकते, नाही म्हणत नाही. पण हातात पंधरा लाख असलेल्या माणसाला थोडं महाग घर झेपतं, रिकाम्या हाताने घेतलेलं स्वस्त घर झेपत नाही.

चिरेबंदी

आणि तोवर कापसाळची ती भिंत तीन पावसाळे कशी राहते ते दिसेल. तयार इमारतीत फ्लॅट रिसेलला येतातच. जीएसटी वाचेल, ओल कुठे येते ते दिसेल, आणि सोसायटी झाली की नाही तेही कळेल.

शिवनदी

रात्री सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. आमचं असं ठरलंय. कापसाळचं आत्ता बुक करायचं नाही, कारण नऊ लाख घातल्यावर आमच्याकडे काहीच उरत नाही, आणि त्याच्या कंपनीत सध्या नवीन ऑर्डरचं नक्की नाही. शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर, पूररेषेच्या बाहेर एक घर बघितलंय, भाडं साडेअकरा हजार. मालकीणबाई तीन वर्षांच्या करारालाही तयार आहेत, दर वर्षी पाच टक्के वाढ. दर महिन्याला चौदा-पंधरा हजार वेगळ्या खात्यात टाकायचे ठरवलंय, ते मीच बघणार आहे.

सासूबाईंना हक्कसोडपत्राचं सांगितलं तर आधी रागावल्या, मग म्हणाल्या की मोठ्या आत्यांना मीच विचारते. मोजणीचा अर्ज करायचा आहे, त्याला काय काय कागद लागतात ते सड्यावरचा यांनी सांगितलं तर बरं होईल.

सड्यावरचा

चालू सातबारा, आठ अ म्हणजे खाते उतारा, सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते आणि मोजणी फी. अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. नियमित की द्रुतगती ते आधी ठरवा, फी त्यावर आहे. मोजणीआधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, तेव्हा मुंबईकरांना तारीख आधी कळवा. पावसाळ्यात सहसा मोजणी होत नाही, त्यामुळे अर्ज आत्ताच करा.

जुना_बाजारपेठकर

भाड्याच्या घरातल्या सामानाचाही विमा उतरवता येतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावीच लागते, त्यात पूर आणि वादळ धरलेलं आहे. भाडेकरूला फक्त सामानासाठी घेता येते. आणि ते साडेअकरा हजारांचं घर बघायला जाल तेव्हा गाडी लावायची जागा रस्त्यापेक्षा खाली आहे का, तेवढं बघून घ्या.